थोरांची ओळख : स्वतःवर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन



इंदूरहून महेश्वरला जाताना मानपूरचा घाट उतरला की आपल्यापैकी पुष्कळांच्या कानात दडे बसतात. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, कानात बारीकसा टक् असा आवाज होतो आणि कान मोकळा होतो. माळव्याच्या पठारावरून आपण निमाडात सुमारे चारशे मीटर खाली आलेलो असतो. तेथे हवेचा दाब थोडा वाढतो आणि कानाला तो लगेच कळतो. आता एक गणित करून पाहा. एवढा संपूर्ण घाट उतरल्यावर जेवढा दाब वाढतो, तेवढा दाब पाण्यात अर्धा मीटर खाली गेले की वाढतो. जो माणूस समुद्रात दहा मीटर खाली जातो त्याच्या कानावर काय ओढवत असेल, याची कल्पना यावरून करावी.

हा विषय या अंकात घेण्याचे एक कारण आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे सुट्टीत कोकणात जातात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला पाहतात आणि तारकर्लीला मुलांसह स्कूबा डायव्हिंग करून येतात. कोणी गोव्याला तर कोणी अंदमानला जातात. मुले परत आल्यावर रंगीत माशांच्या गोष्टी सांगतात. त्याच वेळी पाण्याखाली कान फार दुखला होता, असेही काही मुले हळूच सांगतात. तेथे का सांगितले नाही, असे विचारले तर सर्वांपुढे भित्रा ठरेन म्हणून, असे उत्तर मिळते. हे उत्तर ऐकून आम्हाला ज्या थोर माणसाची आठवण झाली, त्यांचे चरित्र येथे देत आहोत. पाण्याच्या दाबाखाली मानवी शरीराचे काय होते हे जाणण्यासाठी त्यांनी आपले स्वतःचे कान, पाठ आणि प्राणही पणाला लावले. त्यांचे नाव जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन. जगात ते जे. बी. एस. या आद्याक्षरांनीच ओळखले गेले.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. आपल्या शेजारी महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म झाला होता. म्हणजे दोघे जवळजवळ एकाच वयाचे. हाल्डेन यांचे वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे मोठे अभ्यासक होते. खाणीत कामगार गुदमरून का मरतात, बोगद्यातील हवा विषारी कशी होते, असे प्रश्न ते स्वतः खाणीत उतरून सोडवीत. मुलगा लहान असतानाच ते त्याला बरोबर नेऊ लागले. एकदा खाणीत छताजवळ ज्वालाग्राही वायू साचलेल्या जागी त्यांनी मुलाला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण म्हणायला लावले. काही ओळी म्हणताच मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगत मात्र त्याला नीट श्वास घेता येऊ लागला. तो वायू हवेपेक्षा हलका असतो आणि वरच्या बाजूस साचतो, हा धडा त्या मुलाला जन्मभर पाठ राहिला. आजच्या पालकांना ही पद्धत मान्य होणार नाही आणि आम्हालाही ती मान्य नाही. पण या घरात ज्ञान कसे मिळवीत, हे यावरून कळते.

सन १९०६ मध्ये वडिलांकडे ब्रिटिश नौदलाचे काम आले. त्या काळी खोल पाण्यात काम करणारे पाणबुडे वर आल्यावर सांधेदुखीने तळमळत, काहींना लकवा होई, काही दगावत. खोल पाण्यात दाबाखाली श्वासातला नायट्रोजन वायू रक्तात विरघळतो. माणूस एकदम वर आला की सोड्याची बाटली उघडल्यावर फेस यावा तसे त्या वायूचे बुडबुडे शरीरात तयार होतात. वडील हाल्डेन यांनी प्रथम बकऱ्यांवर आणि मग स्कॉटलंडच्या समुद्रात पाणबुड्यांवर प्रयोग केले. टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे, हा नियम त्यांनी घालून दिला आणि त्याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. आजचे पाणबुडे याच मार्गाने चालतात. या प्रयोगांच्या वेळी तेरा वर्षांचा जॅक, म्हणजे आपले चरित्रनायक, पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रात उतरला होता. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा होता. मनगटापाशी तो सैल असल्यामुळे आत पाणी शिरत राहिले. मुलगा ओलाचिंब होऊन गारठला, पण खाली जाऊन आला.

शिक्षणात हाल्डेन फार हुशार होते. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी गणित आणि नंतर ग्रीक-लॅटिन साहित्य व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास करून १९१४ मध्ये प्रथम श्रेणी मिळवली. आमच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विज्ञान विषयाची पदवी हाल्डेन यांच्याकडे कधीच नव्हती. विज्ञान त्यांनी घरी, वडिलांच्या प्रयोगशाळेत आणि स्वतःच्या वाचनातून मिळवले. धाकटी बहीण नेओमी हिच्यासोबत ते घरी गिनीपिग आणि उंदीर पाळून आनुवंशिकतेच्या नोंदी ठेवीत. दोन गुण पिढ्यान्‌पिढ्या एकत्र कसे चालत येतात, यावरील त्या दोघांचा आणि एका मित्राचा निबंध १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत पहिले महायुद्ध सुरू झाले होते आणि तो मित्र युद्धात मारला गेला होता.

हाल्डेनही सैन्यात अधिकारी होते. सन १९१५ मध्ये जर्मनीने क्लोरीन वायूचा हल्ला केला, तेव्हा बचावाचे मुखवटे तपासण्यासाठी वडिलांनी मुलाला आघाडीवरून बोलावून घेतले. वायू भरलेल्या खोलीत बसून त्यांनी मुखवट्यांची परीक्षा केली. पुढे १९१७ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ते जखमी झाले आणि उपचारांसाठी त्यांना भारतात पाठविण्यात आले. बरे झाल्यावर त्यांचा काही काळ आपल्या महूच्या छावणीत गेला. सैनिकांना हातबॉम्ब फेकण्याचे शिक्षण देणाऱ्या शाळेत ते काम करीत होते. भारताशी त्यांचा पहिला परिचय असा झाला. इंदूरपासून अवघ्या वीस-पंचवीस किलोमीटरवर एवढा मोठा शास्त्रज्ञ राहून गेला, हे आपल्या शहरात फार थोड्यांना ठाऊक असेल.

युद्धानंतर हाल्डेन यांनी प्रथम ऑक्सफर्ड, मग केंब्रिज आणि १९३३ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अध्यापन केले. डार्विनचा उत्क्रांतीचा विचार आणि मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम यांचा गणिताच्या आधारे मेळ घालणाऱ्या तीन प्रमुख शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. दुसरे दोघे म्हणजे रोनाल्ड फिशर आणि सिवॉल राइट. सन १९३२ मध्ये हाल्डेन रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत विज्ञान लिहिणारे म्हणूनही त्यांची ख्याती होती. स्वतःवर प्रयोग करण्याची घरची रीत त्यांनी सोडली नाही. रक्तातील आम्लता वाढली तर काय होते, हे पाहण्यासाठी त्यांनी निरनिराळी रसायने स्वतः प्यायली आणि कित्येक दिवस धाप सोसली.

त्यांच्या आयुष्यातील पाण्याखालच्या प्रकरणाची सुरुवात एका दुर्घटनेने झाली. १ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ नावाची नवी ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी गेली. पाणतीर सोडण्याच्या एका नळीचे बाहेरचे तोंड समुद्राकडे उघडे होते. नळीत पाणी आहे की नाही हे दाखवणारे छोटे छिद्र रंगाने बुजले होते. त्यामुळे आतला दरवाजा उघडताच समुद्र पाणबुडीत शिरला. चाचणीचा दिवस असल्यामुळे नेहमीच्या संख्येच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे १०३ माणसे आत होती. त्यांतील फक्त ४ वाचली आणि ९९ गेली. मृतांत कारखान्याचे कामगारही होते. म्हणून कामगार संघटनांनी चौकशीत आपल्या बाजूने शास्त्रीय सल्ला देण्याची विनंती हाल्डेन यांना केली.

हाल्डेन यांनी पुस्तके चाळून उत्तर दिले नाही. लंडनच्या एका कारखान्यात पाणबुड्यांच्या सरावासाठी पोलादी टाकी होती. काही सहकाऱ्यांना घेऊन ते त्या बंद टाकीत बसून राहिले. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वाढत गेला, तशी धाप लागली, डोके ठणकू लागले. त्यानंतर बचावाच्या उपकरणातून शुद्ध ऑक्सिजन घेताच काहींना उलट्या झाल्या. पाणबुडीत अडकलेल्यांनी सुटकेसाठी फार वेळ वाट पाहिली होती. तोवर त्या वायूने त्यांची शक्ती आणि विचार करण्याची क्षमता हिरावली होती, हे यातून दिसून आले. टाकीत हाल्डेन यांच्यासोबत स्पेनच्या यादवी युद्धात लढलेले लोकही बसले होते. निवडण्याचे कारण असे की संकटात न घाबरणारी माणसे त्यांना हवी होती.

त्यानंतर दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नौदलाने हे संशोधन पुढे चालवण्याचे काम त्यांच्याकडे दिले. सहकारी मार्टिन केस, हेलन स्पर्वे आणि इतर अनेक जण त्यात होते. शरीरशास्त्राचे अभ्यासक आणि स्पेनचे माजी पंतप्रधान हुआन नेग्रिन यांनीही टाकीत बसून प्रयोगांत भाग घेतला. टाकीत हवा भरून दाब वातावरणाच्या दहापटीपर्यंत वाढवीत. हा दाब सुमारे ९० मीटर खोल पाण्यातील दाबाएवढा होतो. हवा दाबली गेली की टाकी तापे, आवाज नाकातून आल्यासारखा होई आणि थोड्याच वेळात दारू प्यायल्यासारखी गुंगी येई. अशा अवस्थेत ते गणिते सोडवीत आणि चिमट्याने बारीक लोखंडी गोळ्या एका जागेवरून दुसरीकडे ठेवीत. किती चुका होतात ते बाहेर नोंदले जाई. हवेतील नायट्रोजनच खोल पाण्यात माणसाची बुद्धी मंद करतो, याचा पुरावा त्यातून मिळाला. थंडीचा परिणाम पाहण्यासाठी ते बर्फाच्या पाण्यात पडून राहिले. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतल्याने झटके येतात, हेही त्यांनी स्वतः अनुभवले. अशाच एका झटक्यात त्यांच्या पाठीचे मणके दबले. ते दुखणे पुढे त्यांच्या सोबतच राहिले.

आणि कान? टाकीतील दाब झपाट्याने वाढवला जाई आणि कमीही केला जाई. या प्रयोगांत हाल्डेन यांच्या आणि त्यांच्या काही सोबत्यांच्या कानांचे पडदे फाटले. हाल्डेन यांना ऐकू थोडे कमी येऊ लागले. कानात छिद्र राहिले तर तंबाखूचा धूर कानातून बाहेर सोडून चारचौघांत करमणूक करता येते, अशी थट्टा ते करीत. धूम्रपान वाईटच, पण स्वतःच्या दुखण्यावर हसण्याची त्यांची वृत्ती यातून दिसते. युद्धकाळात लहान पाणबुड्यांतून आणि पाण्याखालून जाणाऱ्या सैनिकांनी किती खोल जावे, कोणता वायू किती वेळ घ्यावा, याचे नियम ठरवताना त्यांच्या गटाचे हे निष्कर्ष उपयोगी पडले.

येथे जरा थांबून कानाची रचना समजून घेऊ. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. या पोकळीतून एक बारीक नळी नाकाच्या मागे घशात उघडते. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. एरवी ती मिटलेली असते, गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. माणूस पाण्यात खाली जातो तेव्हा बाहेरचे पाणी पडद्याला आत ढकलते. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि बंद पोकळीतील हवा अर्ध्या जागेत मावू पाहते. नळी उघडून घशाकडून जादा हवा आत आली तर दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि काही दुखत नाही. नळी उघडली नाही तर पडदा आत ताणला जातो, मध्यकर्णाच्या अस्तराला सूज येते, तेथे पाणी किंवा रक्त साचते आणि शेवटी पडदा फाटू शकतो. सर्वाधिक बदल पहिल्या दहा मीटरमध्येच होतो. म्हणून थोडेच खोल जायचे आहे, मग काय होणार, हा समज चुकीचा आहे.

नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा नाकाकडे ढकलण्याची युक्ती पाणबुड्यांना शिकवतात. इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ अँटोनिओ वाल्साल्वा यांचे नाव या युक्तीला आहे. त्यांचा कानावरील मोठा ग्रंथ १७०४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ही क्रिया कान दुखण्यापूर्वीच, खाली जायला लागताच आणि मग थोड्या-थोड्या अंतरावर करायची असते. जोर मुळीच लावायचा नाही. जोराने फुंकले तर आतल्या कानाचे नाजूक पटल फाटू शकते आणि ते नुकसान पडद्याच्या छिद्रापेक्षा कितीतरी गंभीर असते.

सर्दी झाली असेल तर नळीचे तोंड सुजलेले असते, हवा जात नाही. सर्दीत पाण्याखाली जाऊच नये. औषधाने नाक तात्पुरते मोकळे करून उतरावे, असेही काही जण सुचवतात. त्यात धोका असा की औषधाचा असर पाण्याखाली असतानाच संपला, तर वर येताना कानातील हवा अडकून बसते. विमानात सर्दी झालेले लहान मूल उतरताना का रडते, तेही आता ध्यानात येईल.

हाल्डेन यांच्या थट्टेवरून कोणी असे समजू नये की पडदा फाटणे ही साधी बाब आहे. त्यांचे पडदे फाटले ते बहुतांशी कोरड्या टाकीत, जेथे बाहेर उभे असलेले लोक झडप फिरवून दाब कमी करू शकत होते. समुद्रात पडदा फाटला की वेदना एकदम कमी झाल्यासारखी वाटते, पण थंड पाणी मध्यकर्णात शिरते आणि भयंकर चक्कर येते. वर कोणते, खाली कोणते, हे कळेनासे होते. घाबरून माणूस श्वास रोखून वर झेपावतो आणि मग कानाचे संकट फुफ्फुसांवर येते. म्हणून शिक्षक पाणबुडे एक खूण शिकवतात. हाताचा पंजा आडवा धरून हलवायचा, म्हणजे काहीतरी बिघडले, आणि मग बोट कानाकडे न्यायचे. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ छान असा होत नाही, वर जायचे आहे असा होतो. सर्व ठीक आहे हे सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. या खुणा मुलांनी जमिनीवरच पाठ करून ठेवाव्यात.

इजा झालीच तर काय करावे? लहान छिद्र बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येते. कधी दोन-तीन महिने लागतात. तोवर कान कोरडा ठेवणे हेच मुख्य पथ्य. आंघोळ करताना कापसाचा बोळा व्हॅसलीन लावून कानाच्या तोंडाशी ठेवावा, पोहणे बंद ठेवावे, नाक जोराने शिंकरू नये. आपल्या घरांत कान दुखला की कोमट तेल किंवा लसणाचे तेल घालण्याची जुनी पद्धत आहे. आजीची माया आम्ही समजतो, पण पडदा फाटलेला असताना तेल थेट मध्यकर्णात जाते आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो. डॉक्टरांनी कान तपासल्याशिवाय तेल, थेंब, काडी काहीही घालू नये. छिद्र भरले नाही तर लहानशी शस्त्रक्रिया करून पडदा बसवता येतो. एकाएकी ऐकू येणे कमी झाले, कानात सतत आवाज येऊ लागला किंवा गरगरू लागले, तर आतल्या कानाला इजा झालेली असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे, कारण उशीर केल्यास गेलेले ऐकू येणे परत मिळेलच असे नाही. पुन्हा पाण्याखाली कधी जायचे, हेही डॉक्टरांनीच सांगावे. दुखणे थांबले म्हणजे जखम भरली, असे होत नाही.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. थोरांचे गुण सांगताना दोष झाकू नयेत, असे आम्ही मानतो. हाल्डेन साम्यवादी विचारांचे होते आणि त्या पक्षाच्या दैनिकात अनेक वर्षे लिहीत होते. सोव्हिएत रशियात लिसेंको नावाच्या माणसाने सत्तेच्या बळावर आनुवंशिकतेचे खरे विज्ञान दडपले. निकोलाय वाव्हिलोव्ह यांच्यासारखा महान शास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावला. हाल्डेन वाव्हिलोव्ह यांना ओळखत होते, तरी लिसेंकोविरुद्ध ते बराच काळ स्पष्टपणे बोलले नाहीत. विषारी वायूला न भिणारा माणूस आपल्याच पक्षाच्या लोकांपुढे मात्र खरे बोलायला कचरला. सन १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले.

सन १९५७ मध्ये हाल्डेन पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह कायमचे भारतात आले. १९५६ मध्ये ब्रिटनने सुएझवर केलेल्या आक्रमणाचा निषेध हे कारण त्यांनी जाहीर केले होते. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम सुरू केले. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, भारतीय पोशाख आणि शाकाहार स्वीकारला. आपल्या तरुण भारतीय विद्यार्थ्यांना ते सांगत राहिले की महागडी यंत्रे नाहीत म्हणून रडू नका, डोळे उघडे ठेवून मोजा. त्यांच्या एका विद्यार्थ्याने पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजून त्यावर संशोधन केले. दुसऱ्या सहकाऱ्याने नारळाची झाडे डावीकडे वळतात की उजवीकडे, याचा अभ्यास केला. कृष्ण द्रोणमराजू यांनी काही पुरुषांच्या कानांवर उगवणारे केस वडिलांकडून मुलाकडे कसे येतात, हे तपासले. म्हणजे येथेही कान होताच! सुरेश जयकर यांनी हेलन स्पर्वे यांच्यासोबत पिवळ्या गाठीच्या टिटवीचे निरीक्षण केले आणि तो निबंध मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९६५ मध्ये छापला गेला. टिटवी तर आपल्या माळव्याच्या माळरानावरही ओरडत असते. आमच्या विज्ञान मंडळाच्या मुलांनी वही-पेन्सिल घेऊन बसावे, खर्च काहीच नाही.

सन १९६२ मध्ये ओडिशा सरकारच्या साहाय्याने हाल्डेन भुवनेश्वर येथे नवी प्रयोगशाळा चालवू लागले. पण आता शरीर थकले होते. त्यांना आतड्याचा कर्करोग झाला. लंडनला शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातून त्यांनी त्या रोगावर विनोदी कविता लिहिली. लोकांनी लाज आणि भीतीपोटी रोग लपवू नये, वेळेवर डॉक्टरांकडे जावे, हा तिचा उद्देश होता. स्वतःच्या मृत्यूनंतर प्रसारित व्हावे म्हणून स्वतःवरचे मृत्युलेखाचे भाषणही त्यांनी ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. जन्मभर जे शरीर त्यांनी प्रयोगाला लावले, तेच शेवटी विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला दिले. कोलकात्यातील एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.

मित्रांनो, या चरित्रातून काय घ्यावे? हाल्डेन यांचे धाडस पाहून कोणी म्हणेल की दुखले तरी सोसावे, थांबू नये. आम्हाला तसे वाटत नाही. हाल्डेन टाकीत बसले ते नोंद करण्यासाठी. कुठे दुखले, केव्हा दुखले, किती दाबावर गुंगी आली, हे ते लगेच सांगत आणि लिहून ठेवीत. दुखणे लपवले असते तर त्यांचा प्रयोग वाया गेला असता. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जे सोसले, त्यातून पुढच्या माणसांसाठी नियम झाले. ते नियम आयते मिळालेले असताना केवळ मित्र हसतील म्हणून आपला कान फाडून घेणे हा त्यांच्या कष्टांचा अपमान होईल. कान दुखला, हात हलवून खूण केली आणि वर आला, तो विद्यार्थी आमच्या दृष्टीने शूर आहे.

पालकांना विनंती की मुलांना पाण्याखाली नेण्यापूर्वी सर्दी, कानाचे जुने दुखणे, दमा यांबद्दल प्रशिक्षकाला खरे सांगावे. पैसे भरले आहेत म्हणून मुलावर दबाव आणू नये. विश्वस्त मंडळाला आमची सूचना आहे की समुद्रकिनारी जाणाऱ्या प्रत्येक शालेय सहलीच्या संमतिपत्रात कानाच्या तक्रारींचा एक रकाना असावा. तसेच नकार देणाऱ्या मुलाला किनाऱ्यावर सोबत करण्यासाठी एक शिक्षक ठेवावा, म्हणजे नकार देणे सोपे होईल.

पुढच्या वेळी मानपूरचा घाट उतरताना कान बंद झाला की आवंढा जरूर गिळा, आणि शेजारी बसलेल्या धाकट्या भावंडाला ही नळी कशी उघडते ते समजावून सांगा.

आपले,
प्राचार्य व शिक्षकवृंद